मुंबईचा पैसा आणि गावाची पत : कै. वैकुंठभाई मेहता यांचे जीवनकार्य

मुंबईच्या फोर्ट विभागात महाराष्ट्र चेंबर ऑफ कॉमर्सच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या गल्लीत महाराष्ट्र राज्य सहकारी बँकेचे मुख्य कार्यालय आहे. त्या वास्तूस सर विठ्ठलदास ठाकरसी यांचे नाव दिलेले आहे आणि ते सर्वथा उचित आहे, कारण बँकेच्या दोन संस्थापकांपैकी ते एक होते. परंतु या बँकेचा रोजचा कारभार ज्यांनी जवळजवळ पस्तीस वर्षे वाहिला, मुंबईच्या ठेवीदाराचा रुपया दख्खनच्या शेतापर्यंत पोहोचविण्याची आणि तो सुखरूप परत आणण्याची वाट ज्यांनी आखली, त्या वैकुंठभाई लल्लुभाई मेहता यांचे नाव आजच्या मुंबईकरास फारसे ठाऊक नाही. पुण्यातील राष्ट्रीय सहकार व्यवस्थापन संस्थेच्या पाटीवर ते वाचावयास मिळते, एवढेच. दादर, परळ, लालबागच्या चाळींतून ज्यांची घरे वसली, त्यांच्यापैकी बहुतेकांची मुळे ज्या गावांत होती, त्या गावांच्या संसाराशी या गुजराती गृहस्थाचा संबंध किती जवळचा होता, हे पाहण्यासारखे आहे.

त्यासाठी थोडे मागे गेले पाहिजे. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांच्या पेढ्यांवर हल्ला केला. त्यांचा रोख मुख्यतः कागदांवर होता. कर्जखते, गहाणखते, हुकूमनामे ताब्यात घेऊन त्यांनी जाळले. पुणे व नगर जिल्ह्यांत पसरलेल्या या दंग्यांची सरकारने चौकशी केली आणि १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांस संरक्षण देणारा कायदा झाला. या कायद्याने सावकाराचा हात काहीसा आखडला खरा, पण शेतकऱ्याची गरज तशीच राहिली. बी-बियाणे, बैल, सारा आणि घरातील अडीअडचण यांना पैसा लागतोच. सावकाराने तो नाकारला तर तो आणावयाचा कोठून, याचे उत्तर कायद्यात नव्हते. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे आणि विल्यम वेडरबर्न यांनी १८८०च्या दशकाच्या आरंभी पुरंदर तालुक्यात शेतकी बँक काढण्याची योजना मांडली. हिंदुस्थान सरकारने तिचे स्वागत केले, परंतु लंडनमध्ये बसलेल्या भारतमंत्र्यांनी ती फेटाळली. त्यानंतर वीस वर्षे या विषयावर अहवालांपलीकडे फारसे काही घडले नाही.

१९०४ साली सहकारी पतसंस्थांचा कायदा झाला. जर्मनीत रायफायझन यांनी खेड्यांत ज्या मंडळ्या काढल्या होत्या, त्यांचा तो हिंदी अवतार म्हणता येईल. एका गावातील किमान दहा माणसांनी एकत्र यावे, सर्वांनी सर्वांच्या कर्जास अमर्याद जबाबदारीने बांधून घ्यावे आणि त्या सामुदायिक पतीवर पैसा उभा करावा, अशी ती कल्पना होती. तिच्यात एकच उणीव होती. दहा कर्जबाजारी माणसे एकत्र आली म्हणजे भांडवल निर्माण होत नाही. गावात ठेव ठेवणारा माणूस एक तर सावकार असतो, किंवा त्याचा पैसा दागिन्यांत वा जमिनीत असतो. सोसायट्या निघाल्या, पण त्यांच्या तिजोऱ्या रिकाम्याच राहिल्या.

ही कोंडी मुंबईतील दोन गृहस्थांनी फोडली. सर विठ्ठलदास ठाकरसी हे गिरणीमालक. हिंदुस्थान मिल, प्रभादेवीची क्राउन मिल हा त्यांच्या घराण्याचा व्याप. महर्षी कर्वे यांच्या महिला विद्यापीठास त्यांनी १९२० साली दिलेल्या १५ लाख रुपयांच्या देणगीमुळे महाराष्ट्र त्यांस ओळखतो. दुसरे लल्लुभाई सामळदास मेहता. १९१९ साली वालचंद हिराचंद आणि नरोत्तम मोरारजी यांच्यासमवेत सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनीच्या उभारणीत जे होते, तेच हे लल्लुभाई. या दोघांनी सरकारशी दीर्घ वाटाघाटी करून ११ ऑक्टोबर १९११ रोजी बॉम्बे सेंट्रल को-ऑपरेटिव्ह बँक नोंदविली. बँकेने कर्जरोखे काढावेत आणि त्यांवरील ४ टक्के व्याजाची हमी भारतमंत्र्यांनी घ्यावी, असे ठरले. रानड्यांची योजना ज्या कार्यालयात नाकारली गेली होती, त्याच कार्यालयाने आता ही हमी दिली. मुंबईच्या भांडवलदारास गावच्या कुणब्याची ओळख नव्हती, त्याच्या जमिनीच्या तारणावर त्याचा विश्वास नव्हता. पण हमी असलेला रोखा त्यास समजत होता. भांडवलदार, सरकार आणि गावची सोसायटी यांची ही भागीदारी पुढे पन्नास वर्षे महाराष्ट्राच्या शेतीस पुरली. तिला चालता हिशेब देण्याचे काम लल्लुभाईंच्या ज्येष्ठ चिरंजीवांकडे आले.

वैकुंठभाईंचा जन्म २६ ऑक्टोबर १८९१ रोजी भावनगर येथे झाला. आजोबा सामळदास हे भावनगर संस्थानचे दिवाण. त्यांच्याच नावाच्या महाविद्यालयात १८८८ साली मोहनदास गांधी काही महिने शिकले होते. घरात विद्या होती, राज्यकारभाराची परंपरा होती आणि सुबत्ताही होती. कुटुंब मुंबईस आल्यावर वैकुंठभाईंचे उच्च शिक्षण एल्फिन्स्टन महाविद्यालयात झाले. त्यांचे धाकटे बंधू गगनविहारी पुढे अमेरिकेत भारताचे राजदूत झाले. ज्येष्ठ बंधूंनाही मोठ्या पेढ्यांत, गिरण्यांत, संस्थानी नोकरीत सहज जागा मिळाली असती. पदवी घेतल्यानंतर लवकरच, विशीच्या आरंभी, ते वडिलांनी काढलेल्या या नवख्या बँकेत दाखल झाले. त्या वेळी बँकेजवळ नाव नव्हते, शाखा नव्हत्या आणि तिची गिऱ्हाइके शंभर-दीडशे मैलांवरच्या गावांत विखुरलेली होती.

त्या काळच्या मुंबईत समाजकार्याचे वातावरण होते, त्याचाही उल्लेख केला पाहिजे. नामदार गोखले यांच्या भारत सेवक समाजाचे कार्यकर्ते गिरगावातून काम करीत. १९११ साली ना. म. जोशी यांनी सोशल सर्व्हिस लीग स्थापन केली आणि परळच्या कामगार वस्तीत तिचे काम वाढले. गोपाळ कृष्ण देवधर आणि ठक्कर बाप्पा यांनी नगरपालिकेच्या सफाई कामगारांस कर्जमुक्त करण्यासाठी सहकारी संस्था काढल्या. गिरणी कामगार आणि सफाई कामगार यांना महिन्याला रुपयास एक आणा व्याज देण्याची पाळी येई. वर्षाचा हिशेब केला तर ते ७५ टक्के होते. या कर्जाची सुरुवात पुष्कळदा गावाकडेच झालेली असे. रत्नागिरी, सातारा, पुणे, नगर येथील तरुण गावचे देणे फेडण्यासाठी मुंबईस येई आणि इथे पठाणाच्या देण्यात अडके. लालबागच्या खोलीतून दरमहा निघणारी मनिऑर्डर पुष्कळदा गावच्या सावकाराच्या वहीत जाऊन जिरे. शहराचे कर्ज आणि खेड्याचे कर्ज ही एकाच आजाराची दोन ठिकाणे आहेत, हे देवधर, ठक्कर आणि वैकुंठभाई यांच्या पिढीने ओळखले होते. देवधरांच्या भारत सेवक समाजाशी वैकुंठभाईंचा निकटचा संबंध राहिला. त्या समाजाचे वेंकटसुब्बय्या यांच्यासह त्यांनी सहकारी चळवळीवर ग्रंथ लिहिला. पुढे सहकारी अर्थव्यवहारावरचे त्यांचे लेखही समाजानेच ग्रंथरूपाने काढले.

बँकेचे काम ऐकावयास सोपे वाटते, करावयास मात्र अत्यंत कठीण होते. मुंबईच्या पैशाच्या बाजाराचा एक ऋतू असतो. दिवाळीनंतर कापूस बाजारात येऊ लागला की पैशाची मागणी वाढते आणि व्याज चढते. पावसाळ्यात व्यापार मंदावतो व पैसा पडून राहतो. शेतकऱ्यास पैशाची निकड नेमकी पावसाळ्याच्या तोंडावर असते. म्हणजे शहरात रुपया रिकामा असतो तेव्हा गावात तो हवा असतो. हा मेळ बसविणे हे बँकेचे पहिले कौशल्य. दुसरे कौशल्य माणसे ओळखण्याचे. सोसायटीने सभासदांची गरज, जमीन, पीक यांचे पत्रक करावयाचे, प्रत्येकास जास्तीत जास्त किती द्यावयाचे हे ठरवावयाचे, बँकेने ते तपासून मंजूर करावयाचे. जामीन एकमेकांचेच. या पद्धतीत बँकेस तारण म्हणून खरोखर काय मिळते? गावातील माणसांची एकमेकांवरील नजर, हेच. लग्नासाठी घेतलेला पैसा विहिरीच्या नावावर दाखविला, तर फोर्टमधल्या कारकुनास कळणार नाही. शेजारच्या वाफ्यात काम करणाऱ्यास मात्र त्याच दिवशी कळेल. वैकुंठभाईंचा लहान, एकमेकांस ओळखणाऱ्या सोसायटीवरचा आग्रह पुढे आयुष्यभर टिकला, त्याचे मूळ या अनुभवात आहे.

बँकेचे पहिले मोठे कार्यक्षेत्र नीरा कालव्याचा प्रदेश. डावा कालवा १८८०च्या दशकातच वाहू लागला होता. दुष्काळी बारामतीच्या परिसरात पाणी आले, पण पाण्याबरोबर पैसा आला नव्हता. जिरायत शेतकरी बाजरी पेरतो तेव्हा त्याचा खर्च थोडा असतो. ऊस लावायचा तर बेणे, पेंडीचे खत, पाणीपट्टी, खुरपणीची मजुरी, शेवटी गुऱ्हाळ, असा खर्च वर्षभराहून अधिक काळ चालतो आणि हातात पैसा येतो तो अगदी शेवटी. हा सर्व खर्च सावकार पुरवी. त्या बदल्यात गूळ त्याच्याच दुकानी घालावा लागे, भाव त्याचा आणि वजनही त्याचेच. त्यामुळे कालव्याच्या पाण्याचा लाभ बागायतदाराच्या शिवारात दिसे आणि दुसऱ्याच्या पेढीत जमा होई. सहकारी बँकेचा पैसा आल्यावर ही साखळी एका जागी तुटली. मात्र एवढ्यावर भागत नाही, हेही लवकरच उमगले. कर्ज सोसायटीचे आणि विक्री आडत्याची, अशी स्थिती राहिली तर वसुली आडत्याच्या मर्जीवर राहते. म्हणून कर्जाची विक्रीशी सांगड घातली पाहिजे, हा विचार पुढे आला. गुळासाठी, कापसासाठी सहकारी विक्रीच्या संस्था हव्यात, हे वैकुंठभाई व त्यांचे सहकारी सातत्याने मांडत राहिले.

या कार्याच्या मर्यादाही होत्या. बँकेचा पैसा बागायती गावांत सहज गेला, जिरायत गावांत जपून गेला आणि ज्यास जमीनच नाही त्याच्यापर्यंत फारसा गेलाच नाही. कूळ, मजूर, बलुतेदार यांना सोसायटीच्या पत्रकात मोठी जागा नव्हती. पीक ज्याचे, पत त्याची, असा तो व्यवहार होता. वैकुंठभाईंना ही उणीव जाणवत नव्हती असे नाही. त्यांचा ग्रामोद्योगांकडे वाढत गेलेला ओढा या जाणिवेतूनच निर्माण झाला असावा, असे त्यांच्या आयुष्याचा क्रम पाहता वाटते.

खरी कसोटी वाईट वर्षांत लागली. १९१८ साली पाऊस गेला आणि त्याच वर्षी इन्फ्लुएंझाच्या साथीने गावेच्या गावे ओस पडली. कर्ता माणूस गेला, जामीनही गेला, अशा सोसायट्यांची वसुली कशी करावयाची? त्यातून सावरते न सावरते तोच १९२९ नंतरची जागतिक मंदी आली. शेतमालाचे भाव कोसळले. ज्या शेतकऱ्याने चढ्या भावाच्या वर्षी कर्ज घेतले होते, त्याचे देणे आकड्यात तेवढेच राहिले, पण ते फेडण्यास आता कितीतरी अधिक गूळ वा कापूस लागू लागला. अनेक प्रांतांत सहकारी संस्था मोडीत निघाल्या. मुंबई इलाख्यातही थकबाकी वाढली. इथे दोन टोकांचा मोह होता. कठोर जप्त्या करून पैसा वसूल करावा, तर सहकारी बँक आणि सावकार यांत भेद तो काय? आणि सर्वांस सूट द्यावी, तर ज्या मुंबईकर विधवेने, निवृत्त कारकुनाने विश्वासाने ठेव ठेवली तिचे काय? बँकेचा पैसा बँकेचा नसतो, तो विश्वस्ताच्या हातातील ठेवा असतो. ही दोन्ही ओझी सांभाळीत बँक त्या दशकातून उभी राहिली, हे तिच्या व्यवस्थापनाचे मोठेच यश मानावे लागेल.

मंदीने शिकविलेला धडा १९३७ च्या अहवालात उतरला. वैकुंठभाई आणि भणसाळी यांनी मुंबई प्रांतातील सहकारी चळवळीच्या पुनर्रचनेविषयी तो सरकारला सादर केला. केवळ कर्ज देणारी सोसायटी लंगडी असते. तिने बी-खत पुरवावे, माल विकावा, गरजेच्या वस्तू आणाव्यात, म्हणजे सभासदाचा वर्षभराचा व्यवहार तिच्याभोवती फिरेल, असा बहुउद्देशीय सोसायटीचा पुरस्कार त्यात होता. आज गावोगावी दिसणाऱ्या विविध कार्यकारी सोसायटीच्या पाटीमागे हा विचार आहे. जमिनीवरची जुनी, मोठी कर्जे फेडण्यासाठी लांब मुदतीचा पैसा वेगळ्या संस्थेकडून यावा, म्हणून १९३५ साली प्रांतिक भूतारण बँकही निघाली होती. थोडक्या मुदतीच्या पैशातून पिढीजात कर्ज फेडता येत नाही, ही गोष्ट तोवर सर्वांस पटली होती.

याच काळात ते गांधीजींच्या अधिक जवळ आले. १९३४ साली वर्धा येथे अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाची स्थापना झाली. डॉ. जे. सी. कुमारप्पा त्याचे प्रमुख कार्यकर्ते. गांधीजी आणि वैकुंठभाई यांच्यात पत्रव्यवहार होता आणि गांधीजी त्यांच्याकडे आर्थिक विषयांतील जाणकार म्हणून पाहत. फोर्टमधील बँकेचा व्यवस्थापकीय संचालक हातसडीचा तांदूळ, तेलघाणी, हातकागद यांचा हिशेब मांडू लागला, याचे पुष्कळांना आश्चर्य वाटले असेल. वैकुंठभाईंच्या दृष्टीने त्यात विसंगती नव्हती. वर्षातील चार-सहा महिने ज्याच्या हाताला काम नाही, त्यास कितीही स्वस्त कर्ज दिले तरी ते कर्जच राहणार. मिळकत वाढली तर कर्ज फिटेल आणि रिकाम्या महिन्यांत काम मिळाले तर मिळकत वाढेल, असा तो सरळ हिशेब होता.

१९४६ साली बाळासाहेब खेर यांनी मुंबई प्रांताचे मंत्रिमंडळ बनविले, तेव्हा वैकुंठभाईंनी बँकेचा निरोप घेतला आणि अर्थ व सहकार या खात्यांचा कारभार स्वीकारला. ही सहा वर्षे त्यांच्या आयुष्यातील सर्वांत वादग्रस्त होत. काँग्रेसने दारूबंदीचा संकल्प केला होता. अबकारी उत्पन्न हे प्रांताच्या तिजोरीचा एक मोठा आधार. तो सोडावयाचा आणि त्याच वेळी शिक्षण, शेती, सहकार यांवरचा खर्च वाढवावयाचा, तर पैसा आणावयाचा कोठून? १९४६ सालीच विक्रीकर लागू झाला. मुंबईच्या बाजारपेठांनी नाराजी व्यक्त केली आणि ती स्वाभाविकच होती. ज्या व्यापारी समाजात वैकुंठभाई वाढले, त्याच समाजावर हा भार पडत होता. १९५० साली राज्यात दारूबंदी पूर्णपणे अमलात आली. गावठी दारूच्या चोरट्या धंद्यामुळे तिचे फलित पुढे वादाचा विषय झाले, हा भाग निराळा. विक्रीकर मात्र राज्यांच्या अर्थव्यवस्थेचा कणा बनला आणि वस्तू व सेवा कर येईपर्यंत, रूप बदलत का होईना, तो तसाच राहिला.

सहकार खात्यात त्यांनी केलेल्या कामांपैकी दोन विशेष लक्षात घेण्याजोगी आहेत. पहिले जंगल कामगार सोसायट्यांचे. ठाणे जिल्ह्यातील आणि अन्यत्रच्या आदिवासींना ठेकेदार नाममात्र मजुरीवर राबवीत. १९४७ पासून जंगलतोडीची कामे ठेकेदारांऐवजी आदिवासी मजुरांच्या सहकारी सोसायट्यांना देण्यास सुरुवात झाली. त्यांना सेवाभावी संस्थांनी हात द्यावा आणि सरकारने कूप द्यावेत, अशी व्यवस्था होती. जमीन नसलेल्या माणसाचीही पत असू शकते आणि ती त्याच्या श्रमावर उभी राहते, हे या सोसायट्यांनी दाखविले.

दुसरे काम प्रवरेचे. नगर जिल्ह्यात प्रवरा कालव्यावर ऊस पिकत होता. गुळाचे भाव वर-खाली होत आणि खाजगी साखर कारखान्यांपुढे शेतकऱ्याचे काही चालत नसे. लोणीचे विठ्ठलराव विखे पाटील यांनी १९२३ सालीच गावात पतसोसायटी काढली होती. अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्या मार्गदर्शनाखाली शेतकऱ्यांच्याच मालकीचा कारखाना उभारण्याचा निर्धार त्यांनी केला. शेतकरी भाग घेण्यास निघाले, पण यंत्रसामग्रीच्या किमतीपुढे ती रक्कम तोकडी होती. येथे जुन्या भागीदारीचा नवा अवतार घडला. शेतकऱ्यांचे भाग, सरकारचा भागभांडवलातील वाटा, वैकुंठभाईंच्या जुन्या बँकेचे साहाय्य आणि १९४८ साली स्थापन झालेल्या औद्योगिक वित्त महामंडळाचे कर्ज, अशी बेरीज जमली. अर्थमंत्री या नात्याने वैकुंठभाईंनी सरकारचा वाटा देण्याच्या बाजूने आपले वजन खर्च केले. ज्या बँकेने नीरेकाठच्या बागायतदारास पेंडीसाठी कर्ज देऊन आरंभ केला, ती आता शेतकऱ्याच्या कारखान्यामागे उभी राहिली. १९५०-५१ च्या हंगामात प्रवरेचे गाळप सुरू झाले. पुढील दोन दशकांत महाराष्ट्रात जे सहकारी साखर कारखाने उभे राहिले, त्यांनी भांडवल उभारणीचा हाच नमुना गिरविला.

मंत्रिपदानंतर त्यांना विश्रांती मिळाली नाही. डॉ. जॉन मथाई यांच्या अध्यक्षतेखालील करचौकशी आयोगाचे ते सदस्य होते. १९५३ साली अखिल भारतीय खादी व ग्रामोद्योग मंडळ स्थापन झाले, त्याचे आणि १९५७ साली कायद्याने स्थापन झालेल्या खादी व ग्रामोद्योग आयोगाचे ते अध्यक्ष झाले. १९६३ पर्यंत त्यांनी ही धुरा वाहिली. अंबर चरख्याचा प्रसार, तेलघाणी, मधमाशीपालन, चर्मोद्योग यांस अर्थसाहाय्य, हे सारे त्यांच्या कारकिर्दीत देशभर विस्तारले. गिरण्यांच्या शहरात राहून हातमागाची आणि चरख्याची बाजू मांडणे सोपे नव्हते. यातील काही योजना टिकल्या, काही अनुदान थांबताच थांबल्या.

दरम्यान १९५४ साली रिझर्व्ह बँकेच्या ग्रामीण पतपाहणीचा अहवाल प्रसिद्ध झाला. शेतकऱ्याच्या एकूण कर्जात सावकारांचा वाटा सुमारे ७० टक्के आणि सहकारी संस्थांचा अवघा ३.१ टक्के, असा त्याचा निष्कर्ष होता. पन्नास वर्षांच्या चळवळीच्या पदरी हा आकडा पडावा, याचे दुःख त्या चळवळीत आयुष्य घातलेल्या माणसास किती झाले असेल! अर्थात हा देशाचा आकडा होता. मुंबई राज्याची स्थिती पुष्कळ बरी होती. अहवालाने उपाय सुचविला तो सरकारी भागीदारीचा आणि मोठ्या सोसायट्यांचा. सोसायटी मोठी असली की पगारी सचिव ठेवता येतो, कारभार सुधारतो, हा त्यातील युक्तिवाद बिनतोड होता. परंतु दहा-वीस गावांच्या सोसायटीत सभासद एकमेकांस ओळखत नाहीत आणि मग तारण उरते ते केवळ कागदाचे. हा प्रश्न सोडविण्यासाठी भारत सरकारने नेमलेल्या सहकारी पत समितीचे अध्यक्षपद वैकुंठभाईंकडेच आले. १९६० साली सादर झालेल्या अहवालात समितीने मध्यम मार्ग काढला. गाव हाच सोसायटीचा पाया राहावा. जेथे एका गावावर सोसायटी चालणार नाही तेथे जवळची गावे जोडावीत, पण विस्तार आवरता ठेवावा. सरकारने भाग घ्यावेत, मात्र त्यामुळे सोसायटी सरकारी कचेरी होऊ नये. या दोन विचारांतील ताण अहवालात स्पष्ट जाणवतो. स्वतः सरकारात असताना प्रवरेस सरकारी भाग देणारे वैकुंठभाई सरकारच्या छायेची भीतीही बाळगून होते. छाया आणि आधार यांची सीमा आखणे त्यांनाही पूर्णपणे जमले नाही आणि त्यांच्यानंतर कोणास जमले असेही दिसत नाही. त्यांची जुनी बँक महाराष्ट्र राज्य सहकारी बँक या नावाने मोठी झाली, साखर कारखान्यांच्या आधाराने राजकारणाचे केंद्रही बनली आणि २०११ साली, ऐन शताब्दीच्या वर्षी, तिचे संचालक मंडळ बरखास्त होऊन तिच्यावर प्रशासक आले. नंतरच्या वर्षांत तिची आर्थिक घडी पुन्हा बसली.

विकेंद्रित अर्थविकासाविषयीचे त्यांचे लेख १९६४ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाले. त्याच वर्षीच्या ऑक्टोबर महिन्यात, वयाची ७३ वर्षे पूर्ण होत असताना, वैकुंठभाईंचे निधन झाले. १९६७ साली पुण्यातील सहकार प्रशिक्षणाच्या राष्ट्रीय संस्थेस त्यांचे नाव देण्यात आले. देशातील आणि परदेशातील सहकारी अधिकारी तेथे हिशेब, पतपुरवठा आणि व्यवस्थापन शिकण्यासाठी येत असतात.